दोन चित्रपटांच्या मधला महिना

यंदाच्या स्नेहसंमेलनात पारितोषिक वितरणाच्या वेळी पाहुण्यांनी भाषणाच्या ओघात एक वाक्य टाकले आणि सारा मंडप टाळ्यांनी दणाणून गेला. ते म्हणाले, "नळदुर्गसारखा किल्ला, नर-मादीसारखे धबधबे, पाणीमहाल, आणि दाराशी सोलापूर-हैदराबादचा हमरस्ता! अहो, मग इथे चित्रनगरी का होऊ नये?" मागच्या रांगांतून शिट्ट्या झाल्या. माझ्या शेजारी बसलेल्या मित्राने तर लगेच केसांवरून कंगवा फिरवून घेतला. मीही टाळ्या वाजवल्या, खोटे कशाला बोलू! परंतु संध्याकाळी जळकोटच्या स्टँडवर एस.टी.तून उतरलो तरी तो प्रश्न काही डोक्यातून उतरेना. पाहुण्यांनी तो टाळ्यांसाठी विचारला होता. मला मात्र त्याचे उत्तर हवे होते, आणि त्याला घरचे कारण होते.

ते कारण आधी सांगून टाकतो, म्हणजे वाचकांची फसवणूक व्हायला नको. माझे वडील पेंटर आहेत. हमरस्त्यावरच्या ट्रकांच्या फाळक्यावर अक्षरे काढणे, दुकानांच्या पाट्या रंगवणे, लग्नघराच्या भिंतीवर गणपती आणि कलश काढणे, हा त्यांचा धंदा. फ्लेक्स आल्यापासून पाट्या गेल्या, फाळके तेवढे राहिले. माझा मामा सुतार आहे आणि गेली वीस वर्षे गोरेगावला चित्रपटांचे सेट उभे करण्याचे काम करतो. हातात ब्रश मलाही धरता येतो. बी.ए. झाल्यावर मी काय करायचे, हा प्रश्न आमच्या घरात रोज जेवताना ताटाभोवती फिरत असतो. तेव्हा नळदुर्गला चित्रनगरी होणार की नाही, हा माझ्यापुरता तरी नुसता गंमतीचा विषय नाही.

शहर चित्रपटाचे केंद्र कशाने होते, असे कुणालाही विचारा. पहिले उत्तर ठरलेले, 'निसर्गाने'. दुसरेही ठरलेले, 'कलावंतांनी'. ही दोन्ही उत्तरे मला पटत नाहीत. निसर्गाने केंद्र होत असते तर वाईचे कधीच झाले असते. वाई-मेणवलीच्या घाटांवर 'स्वदेस' (२००४) झाला, 'दबंग' (२०१०) झाला, आणखी किती तरी झाले. मोटारी येतात, दिवे लागतात, गावातली पोरे गर्दीत उभी राहून दिवसाची मजुरी घेतात आणि मोटारी निघून जातात. वाईच्या सौंदर्यात काही उणे नाही, पण तिला कोणी चित्रपटधंद्याचे केंद्र म्हणत नाही.

आता कलावंत. नाशिकपेक्षा मोठा दावा कोणत्या गावाला सांगता येईल? दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. 'राजा हरिश्चंद्र' त्यांनी दादरच्या बंगल्यात तयार केला, ३ मे १९१३ रोजी गिरगावात कोरोनेशनमध्ये लावला, आणि त्याच वर्षी बिऱ्हाड नाशिकला नेले. 'मोहिनी भस्मासुर' तिथलाच. १९१८ साली हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली तीही नाशिकला. म्हणजे देशातला पहिला कलावंत होता, कंपनी होती, गोदावरीचा घाट होता, पंचवटी होती, पौराणिक कथांना याहून योग्य जागा कोणती? तरीही बोलपटांचे युग आले, कंपनी संपली आणि तिच्याबरोबर नाशिकचा धंदाही संपला. सारा डोलारा एका माणसावर आणि एका कंपनीवर उभा होता. ती बंद पडल्यावर तिथल्या सुताराने, रंगाऱ्याने, शिंप्याने दुसऱ्या दिवशी कुणाचे दार ठोठवायचे? नाशकात दुसरे दारच नव्हते. खुद्द दादासाहेबांना आपला शेवटचा चित्रपट 'गंगावतरण' (१९३७) करायला कोल्हापूरला जावे लागले.

हा प्रश्न, दुसऱ्या दिवशी कुणाचे दार ठोठवायचे, मला मामाने शिकवला. दिवाळीत तो आला होता तेव्हा मी मोठ्या उत्साहाने त्याला पाहुण्यांचे भाषण ऐकवले. मामा रंधा घासत होता. तो तसाच घाशीत म्हणाला, "आरं भाच्या, पिच्चर चालू हाय तवर समद्यांनाच काम आसतंय. पिच्चर संपल्यावर काय? मुंबईत शुक्रवारी एक सेट मोडला तर सोमवारी दुसऱ्या फ्लोअरवर हातुडी चालू. मधी दोन दिस. तुज्या त्या किल्ल्याखाली मधी किती दिस, ते आधी इचार."

मित्रहो, चित्रपटाच्या इतिहासाची जी पुस्तके आपल्या ग्रंथालयात मिळाली ती मी त्यानंतर मामाच्या या चष्म्यातून वाचली. दिग्दर्शक आणि नायिका बाजूला ठेवल्या आणि दोन चित्रपटांच्या मधला रिकामा महिना कोण कसा भरून काढत होते, एवढेच पाहत गेलो.

कोल्हापूरचे उदाहरण घ्यावे, कारण महाराष्ट्रात मुंबईबाहेर खरेखुरे केंद्र झाले ते एवढेच. बाबूराव पेंटर मूळचे मेस्त्री, घराणे सुतारकाम-कोरीवकामाचे. (पेंटर हे आडनाव आमच्या घरी फार आदराने घेतले जाते, हे सांगायला नकोच.) ते आणि त्यांचे बंधू आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. फाळक्यांचे चित्रपट पाहून दोघांना वेड लागले आणि कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नाही म्हणून तो स्वतःच बनवायचा घाट घातला. १९१६ साली आनंदराव गेले. पुढे दामल्यांच्या साहाय्याने बाबूरावांनी कॅमेरा तडीस नेला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणली. तानीबाई कागलकर या गायिकेने भांडवल दिले आणि शाहू महाराजांचा आश्रय लाभला.

हा इतिहास सर्वांना थोडाबहुत ठाऊक असतो. मला महत्त्वाचे वाटते ते याच्या मागचे. चित्रपट येण्याआधीच त्या गावात या धंद्याला लागणारी माणसे होती आणि त्यांचे पोट चित्रपटावर अवलंबून नव्हते. नाटक कंपन्या होत्या, १९१५ च्या सुमारास उभे राहिलेले पॅलेस थिएटर होते (तेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झाले आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये आगीत जळाले), देवळे होती, दरबार होता, तालमी होत्या, खासबागेचे मैदान होते. रंगाऱ्याला चित्रपट नसेल तेव्हा नाटकाचा पडदा होता. सुताराला दरबाराचे काम होते. मारामारीच्या प्रसंगाला लागणारा गडी एरवी तालमीत होता. 'सिंहगड' (१९२३) किंवा 'सावकारी पाश' (१९२५) ज्या हातांनी घडले त्यांना रिकामा महिना असा फारसा नव्हताच. चित्रपट हा त्यांच्या चालू कामात पडलेला आणखी एक धंदा होता.

इथे थोडे आपल्या बाजूला वळावेसे वाटते. 'सैरंध्री' आली तेव्हा आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याच्या राजधानीतही चित्रपट निघत होते, हे आपल्याला कुणी सांगत नाही. धीरेन गांगुली हे बंगाली गृहस्थ हैदराबादेतल्या कलाशाळेत होते. त्यांनी १९२२ च्या सुमारास तिथे लोटस फिल्म कंपनी काढली, चित्रपट केले, चित्रपटगृहेही चालवली. १९२४ साली त्यांनी 'रझिया बेगम' हा मुंबईचा चित्रपट दाखवला. दिल्लीची मुसलमान राणी आणि तिचे हिंदूवरचे प्रेम, असा काहीसा विषय. निजामाचा रोष झाला आणि गांगुलींना राज्य सोडावे लागले. ते कलकत्त्याला गेले आणि पुढे बंगाली चित्रपटातले मोठे नाव झाले. एका संस्थानात राजाने पेंटरांना हात दिला, दुसऱ्या संस्थानात राजाने चित्रपटवाल्याला सीमेबाहेर काढले, आणि आपण नेमके दुसऱ्या संस्थानात होतो! १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मुक्त झालो, तोपर्यंत कोल्हापुरात दोन पिढ्या या धंद्यात वाढल्या होत्या. मराठवाड्याच्या मागासपणाची चर्चा आपण रस्ते आणि पाणी यांवरच करतो. हीही एक बाजू तिच्यात धरावी.

असो. पुन्हा कोल्हापूर. १ जून १९२९ ला पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्याबरोबर 'प्रभात' काढली. 'अयोध्येचा राजा' (१९३२) हा बोलपट कोल्हापुरातच झाला. आणि १९३३ साली प्रभात सारे चंबूगबाळे उचलून पुण्याला गेली. का गेली? जागा मोठी हवी होती हे खरे, पण पुण्याहून मुंबई जवळ हेही तितकेच खरे. कच्ची फिल्म त्या काळी परदेशातून मुंबईच्या बंदरात उतरे. यंत्रे तिथेच, यंत्रांचे दुरुस्तीवाले तिथेच, चित्रपट घेऊन गावोगाव लावणारे वितरक तिथेच. माल कोल्हापूरचा असला तरी तराजू मुंबईत होता.

पुण्यात प्रभातने रिकाम्या महिन्याचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला, आणि माझ्या मते मराठी चित्रपटाच्या साऱ्या इतिहासातली ती सर्वांत शहाणपणाची गोष्ट होती. कंपनीत सर्वांना महिन्याचा पगार. नट असो, सुतार असो, संगीतकार असो. चित्रपट चालू असो वा नसो, महिना भरला की पगार. सुतारशाळा, रंगशाळा, कपडेपट, प्रयोगशाळा सारे एकाच आवारात. 'संत तुकाराम' (१९३६) व्हेनिसला गेला आणि जगातल्या निवडक तीन चित्रपटांत गणला गेला, मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक चालला. त्याचे श्रेय दिग्दर्शक दामले-फत्तेलाल आणि विष्णुपंत पागनीस यांना आहेच. पण देहूचे ते घर, ते इंद्रायणीचे काठ उभे करणाऱ्या माणसाला पुढच्या महिन्याच्या किराण्याची काळजी नव्हती, यालाही थोडे श्रेय द्यावे. कामावर जीव लावायला माणूस मोकळा असावा लागतो. घरातल्या तेलाच्या डब्याकडे अर्धे लक्ष ठेवून फाळक्यावरचा मोर कसा निघतो ते मी रोज पाहतो.

मग ही व्यवस्था मोडली कशी? दुसऱ्या महायुद्धाने मोडली. त्या काळात काळ्या बाजाराचा पैसा धंद्यात शिरला. तो कंपनी काढत नसे, तो एक चित्रपट काढी. महिन्याच्या पगारावरच्या नटाला एका चित्रपटाला वर्षाच्या पगाराहून अधिक देऊ लागला. नट कंपन्या सोडून निघाले आणि पगारी कंपन्यांचा कणा मोडला. १९४२ साली शांताराम प्रभात सोडून गेले आणि त्यांनी परळला 'राजकमल' काढले. देव आनंद आणि गुरुदत्त यांची गाठ पुण्यात प्रभातच्या आवारात पडली, तेही मुंबईला गेले. १९५३ मध्ये प्रभात मिटली. त्याच आवारात १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे आणि १९६४ पासून पुण्यात चित्रपटांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. चित्रपट शिकावा पुण्यात, जपावा पुण्यात, काढावा मात्र मुंबईत!

कोल्हापूरही एवढ्याने हरले नव्हते. प्रभात गेल्यावर कोल्हापूर सिनेटोन निघाली, शालिनी सिनेटोन निघाली, भालजी पेंढारकरांनी 'जयप्रभा' स्टुडिओ चालवला. मास्टर विनायकांची कंपनी कोल्हापुरात होती. वडील वारल्यावर लहानग्या लता मंगेशकरांना तिच्यात काम मिळाले होते. १९४५ साली विनायकांनी कंपनी मुंबईला नेली आणि त्या कंपनीबरोबर लताबाईही गेल्या. पुढचे जग जाणते. १९४८ च्या दंगलीत जयप्रभा जळाला. भालजींनी तो पुन्हा उभा केला, कर्जात बुडाले, आणि अखेर स्टुडिओ घेतला तो लताबाईंनी. कोल्हापुरातून गेलेल्या मुलीने मुंबईत मिळवलेल्या पैशावर कोल्हापूरचा स्टुडिओ तगला. या एका गोष्टीत पैसा कोणत्या गावात होता आणि माणसे कोणत्या गावातली होती, हे सारे आले. तमाशापटांच्या आणि ग्रामीण चित्रपटांच्या काळात, म्हणजे साधारण १९६० ते १९८० च्या दरम्यान, कोल्हापूरला पुन्हा वर्षभराचे काम होते, कारण चित्रपट एकामागून एक निघत होते. ती रांग तुटली आणि मधले महिने वाढले. नंतर मोरेवाडीला शासनाची चित्रनगरी झाली. जागा झाली, कमान झाली. पण तुटलेली रांग कमानीने जुळत नसते.

मुंबईचे मोठेपण मला आता थोडे कळू लागले आहे. मुंबईत कंपन्या बुडाल्या नाहीत असे नाही, उलट मुंबईइतक्या कंपन्या कुठेच बुडाल्या नसतील. बॉम्बे टॉकीज १९३४ साली मालाडला निघाली. १९४३ साली तिच्यातली मंडळी फुटली आणि त्यांनी गोरेगावला फिल्मिस्तान काढले. मालाड आणि गोरेगाव ही लोकलची शेजारशेजारची स्टेशने. कामगाराला काय बदलावे लागले? नुसते स्टेशन. प्रभात बंद पडली त्याच सुमारास बॉम्बे टॉकीजही बंद पडली. पुण्याच्या माणसाला गाव सोडावे लागले. मालाडच्या माणसाला पास बदलावा लागला. १९४७ ला लाहोरहून उखडून आलेले लोकही मुंबईतच सामावले, कारण तिथे एक दार बंद असले तर पुढचे उघडे होते. राज कपूरचा चेंबूरचा आर.के. स्टुडिओ, १९४८ सालचा, २०१९ मध्ये इमारती बांधणाऱ्यांना विकला गेला. वाईट वाटले सगळ्यांना. पण मुंबईच्या धंद्याचा एक दिवसही त्याने अडला नाही.

मुंबईची आरती करण्याचा माझा हेतू नाही. २०२० च्या मार्चमध्ये चित्रीकरण बंद झाले तेव्हा मामाचा रिकामा महिना तीन महिन्यांहून लांबला. त्याला रोजावर घेणाऱ्याने त्या काळात साधा फोनही उचलला नाही. मामा जळकोटला आला आणि आमच्या ओसरीत बसून त्याने गावातल्यांच्या खिडक्या, दारे, दोन बाजा आणि एक पाळणा केला. पैशाऐवजी पुष्कळांनी ज्वारी दिली. वीस वर्षांत महाल, तुरुंग, देवळे, कोर्टाचे पिंजरे उभे केलेल्या त्या माणसाला त्या पाळण्याचा फार आनंद झाला होता. "ह्यो मोडायचा न्हाई," असे तो मला दोनतीनदा म्हणाला. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये पुन्हा निर्बंध आले आणि मुंबईतल्या कित्येक मालिकांनी गोवा, हैदराबाद गाठले. मामाला बोलावणे आले ते हैदराबादचे. मुंबईहून निघालेली त्यांची गाडी आपल्याच हमरस्त्याने गेली. स्टँडपाशी दहा मिनिटे थांबली. आईने भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि गाडी उमरग्याकडे निघून गेली.

मुंबईचे काम उचलून न्यावे असे हैदराबादेत काय आहे? तेलुगू चित्रपट मुळात मद्रासला निघत. राज्य झाले, राजधानी हैदराबाद झाली, सरकारने जागा दिल्या, सवलती दिल्या, अक्किनेनी नागेश्वरराव यांनी १९७६ च्या सुमारास अन्नपूर्णा स्टुडिओ उभा केला, आणि हळूहळू, म्हणजे वीस-पंचवीस वर्षांत, धंदा मद्रासहून सरकला. एका भाषणाने सरकला नाही. १९९६ साली रामोजी फिल्म सिटी झाली. तिच्या भव्यतेचे कौतुक सगळेच करतात. मला तिथली एक युक्ती आवडली. तिथे रिकामा सेटही कमाई करतो! चित्रीकरण नसेल त्या दिवशी तिकीट काढून लोक तो पाहायला येतात. आपल्या गावचीही एक सहल जाऊन आली. दोन चित्रपटांच्या मधला महिना रामोजींनी प्रवाशांकडून भरून घेतला.

उलट उदाहरण आपल्या शेजारच्या जिल्ह्यातले. 'सैराट' (२०१६) करमाळ्याच्या मातीतला, नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. मराठी चित्रपटाने तोवर पाहिला नव्हता इतका पैसा त्याने मिळवला. गंमत अशी की त्यातली आर्ची आणि परश्यासुद्धा पळून जातात ते हैदराबादला. चित्रपट गाजला, कमलाभवानीचे देऊळ आणि उजनीचे पाणी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले, पण त्यामुळे करमाळ्यात सुताराला आणि रंगाऱ्याला चित्रपटाचे बारमाही काम लागले नाही. याच्याशेजारी एक साधी दूरदर्शन मालिका ठेवून पाहा. 'तुझ्यात जीव रंगला' ही मालिका २०१६ पासून २०२१ पर्यंत कोल्हापूरजवळ वसगडे गावात चित्रित होत होती. चार वर्षांहून जास्त काळ चहावाला, गाडीवाला, मेकअपवाला, वायरमन यांना दररोज काम. आपल्यातले रसिक मालिकांना नाके मुरडतात. मीही मुरडतो. पण एखाद्या गावाला केंद्र व्हायचे असेल तर एका 'सैराट'पेक्षा अशा चार कंटाळवाण्या मालिका जास्त उपयोगी पडतील, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत मी मराठीच्या तासानंतर आमच्या सरांना बोलून दाखवले. सर म्हणाले, "तुझ्या हिशेबात सगळे आहे, कला कुठे आहे?" प्रश्न चुकीचा नाही. खरेच, नुसत्या बारमाही कामातून 'संत तुकाराम' निघत नाही, नाही तर मुंबईत तो दर शुक्रवारी निघाला असता. पण सरांना मी एवढेच विचारले की पेंटरांनी कॅमेऱ्यावर वर्षे घालवली तेव्हा त्यांचे घर कशावर चालले होते? नाटकाच्या पडद्यांवर. सर हसले आणि म्हणाले, "लिही मग अंकात." म्हणून हा प्रपंच.

आता नळदुर्ग. आपल्याकडे काय नाही ते सर्वांना ठाऊक आहे. काय आहे ते पाहू. लग्नसराईत शूटिंग करणारी पोरे आहेत. आमच्याच वर्गातल्या तिघांनी मिळून वीस मिनिटांची फिल्म केली, ती यू-ट्यूबवर आहे, आणि त्यांतला कॅमेरावाला तिच्या खर्चाची भरपाई पुढच्या चार लग्नांतून करतो. म्हणजे कॅमेऱ्याचे पोट इथे लग्नावर भरते, जसे पेंटरांच्या ब्रशाचे नाटकावर भरत होते. तुळजापूरच्या रस्त्याला आराधी आणि गोंधळी आहेत, नळदुर्गला पौषात खंडोबाची यात्रा आहे, मांडववाले आहेत, वाजंत्री आहेत, हमरस्त्यावर वेल्डर आणि गॅरेजवाले आहेत. ही माणसे इथे आहेत आणि आपापल्या धंद्यावर जगताहेत. चित्रनगरीची भिंत बांधायला जो खर्च येईल त्याच्या छोट्याशा हिश्शात या पोरांना ध्वनिमुद्रणाचे आणि संकलनाचे यंत्र एका खोलीत मिळू शकते, आणि ती खोली आपल्या महाविद्यालयातही असू शकते. किल्ल्याखालची जमीन आधी घेऊन, कमान आधी उभी करून, चित्रपटाची वाट पाहत बसण्यापेक्षा ते बरे. ज्याची जमीन जाईल त्याचा तर रिकामा महिना त्याच दिवशी सुरू होईल, आणि तो कुणी भरून देणार नाही. पाहुण्यांच्या भाषणात त्या माणसाचा उल्लेख नव्हता.

आणि खोली झाली म्हणून उद्या इथे केंद्र होईल, असेही मी म्हणणार नाही. हैदराबादला वीस-पंचवीस वर्षे लागली, तीही सरकार आणि राजधानी पाठीशी असताना. माझी परीक्षा एप्रिलमध्ये आहे.

मागच्या आठवड्यात मामाचा फोन आला होता. गोरेगावला एका मालिकेत जुन्या बाजारपेठेचा सेट लागला आहे. दुकानांच्या जुन्या धाटणीच्या पाट्या हाताने रंगवणारा माणूस त्यांना हवा आहे, कारण फ्लेक्सची पाटी पडद्यावर जुनी दिसत नाही. काम साधारण सव्वा वर्षाचे. मला बोलावतोय असे वाटून मी तयारीनेच ऐकत होतो. तर मामा म्हणाला, "तू शिक. दाजीला इचार, येतो का म्हणून."

आण्णांना विचारले. ते काही बोलले नाहीत. ब्रश रॉकेलमध्ये बुडवून, पुसून, एकेक करून त्यांनी डब्यात ठेवले आणि मला विचारले, "गोरेगावला उतरायचं का मालाडला?"